देवघेव काउंटरची बटणं : टीकिंटरमधली मांडणी नव्याने करताना

आमच्या तालुक्याच्या गावात 'ब' वर्गाचं सार्वजनिक ग्रंथालय आहे. जून २०२४ मध्ये एका जुन्या सभासदांनी ग्रंथालयाला नवा लॅपटॉप भेट दिला आणि पाठोपाठ देवघेव काउंटरच्या प्रोग्रामची बटणं नव्याने मांडायचं काम माझ्याकडे आलं. ते फेब्रुवारी २०२५ मध्ये संपलं. मधल्या काळात लागणारी माहिती मला तुकड्यातुकड्यांनी मिळत गेली. बटणावर मराठी मजकूर असला की काय काय बदलतं, हे मात्र एका जागी कुठेच सापडलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझी तयारी किती होती ते आधी सांगते. मी हिशेबनिसाचं काम करते. एक्सेलच्या फायली एकमेकींशी जुळवून पाहण्यापुरती पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येते. विंडो, बटणं, तक्ता असलेला प्रोग्राम त्याआधी कधी लिहिला नव्हता. कार्यवाह सर म्हणाले, "तुम्हाला पायथन येतं ना ताई, मग एवढं बघाच." ऐकून पोटात गोळा आला. काउंटर रोज सकाळ-संध्याकाळ उघडं असतं, ते अडलं तर लोक पुस्तकं हातात घेऊन उभे राहणार.

प्रोग्राम काही वर्षांपूर्वी गावातल्याच एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने पायथनमध्ये, खिडक्या-बटणं काढणारा टीकिंटर हा संच वापरून, विनामोबदला लिहून दिला होता. सभासद, दाखल क्रमांक, वर्गणी, अनामत, विलंब शुल्क, सगळ्याचा हिशेब तो बिनचूक ठेवतो. विंडोज ७ च्या जुन्या संगणकावर त्याने वर्षानुवर्षं तक्रार न करता काम केलं. कोहा किंवा ई-ग्रंथालय असा ग्रंथालयांसाठीचा तयार प्रोग्राम घ्यावा का, अशी चर्चा कार्यकारी मंडळात झाली. पण आमचं काउंटर एकच, सगळी जुनी माहिती याच प्रोग्राममध्ये आणि ग्रंथपाल मॅडमचा हातही यालाच सरावलेला. तेव्हा आतला हिशेब तसाच ठेवून वरची मांडणी तेवढी बदलायची, असं ठरलं.

नव्या लॅपटॉपवर प्रोग्राम उघडला तेव्हा पहिली तक्रार बटणांची नव्हतीच. सगळी अक्षरं धूसर दिसत होती. मॅडमना वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. कारण वेगळंच होतं. लॅपटॉपची स्क्रीन लहान आणि पिक्सेल जास्त, त्यामुळे विंडोजने स्केल १५० टक्के ठेवलेलं असतं. आपल्याला हे स्केल कळतं असं प्रोग्रामने सांगितलं नाही, तर विंडोज त्याला जुन्या हिशेबाने, म्हणजे इंचाला ९६ ठिपके धरून, चित्र काढू देतं आणि ते तयार चित्र ताणून मोठं करतं. ताणलेलं चित्र धूसर दिसणारच. उपाय एका ओळीचा आहे. मुख्य विंडो तयार होण्याच्या आधी, सीटाइप्समधून (विंडोजच्या आतल्या सोयी पायथनमधून वापरू देणारा भाग) विंडोजच्या शेलकोअर या फाइलमधलं सेट-प्रोसेस-डीपीआय-अवेअरनेस बोलवायचं आणि त्याला १ द्यायचा. विंडो तयार झाल्यावर बोलावलं तर उपयोग नाही. ही सोय विंडोज ८.१ पासून आहे. विंडोज ७ वर ती सापडत नाही, म्हणून ती ओळ ट्राय-एक्सेप्टमध्ये (हे जमलं नाही तर ते कर, असं सांगायची पायथनची रीत) घालून तिथे विंडोजच्याच यूझर३२ मधलं जुनं सेट-प्रोसेस-डीपीआय-अवेअर वापरायचं.

ती ओळ घातली आणि अक्षरं लखलखीत झाली, पण बटणांवरची नावं कापली गेली. 'वर्गणी भरा' मधला 'रा' अर्धा गायब, 'पुस्तक परत घ्या' च्या दोन्ही कडा चौकटीबाहेर, उकार खालून छाटलेले. इथे मला खरा प्रश्न कळला. फॉन्टचं माप पॉइंटमध्ये असतं, म्हणजे इंचाच्या ७२ व्या भागात. १२ पॉइंटचं अक्षर ९६ ठिपक्यांच्या स्क्रीनवर १६ पिक्सेल होतं आणि १५० टक्के स्केलवर, म्हणजे १४४ ठिपक्यांच्या हिशेबाने, २४ पिक्सेल. जुन्या प्रोग्राममध्ये मात्र प्रत्येक बटणाची जागा आणि आकार प्लेस या पद्धतीने पिक्सेलमध्ये पक्का लिहिला होता : डावीकडून इतके, वरून इतके, रुंदी ११०, उंची २६. अक्षर दीडपट झालं, चौकट होती तेवढीच राहिली.

सगळे आकडे दीडने गुणून मोकळं होणं शक्य होतं. पण ग्रंथालयात जुना संगणक राखीव म्हणून राहणार होता, तिथे स्केल १०० टक्के. उद्या कुणी तिसरा मॉनिटर जोडला तर पुन्हा नवा गुणाकार. आणि मजकूर बदलला, 'परत' च्या जागी 'पुस्तक परत घ्या' आलं, की पुन्हा बटणं एकेक करून सरकवायची. म्हणून जुन्या आकड्यांना हात न लावता मांडणी मुळापासून बदलायचं मी ठरवलं.

टीकिंटर हा पायथनबरोबर येणारा संच. त्याच्या मुळाशी असलेलं टीके कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात जॉन औस्टरहाउट यांनी तयार केलं आणि १९९१ मध्ये लोकांपुढे आणलं. बटणं मांडायच्या त्याच्या तीन पद्धती आहेत. प्लेसमध्ये जागा आपण आकड्याने सांगतो. पॅक म्हणजे मांडणीवर एकेक भांडं लावत जाणं : पहिलं एका कडेला, पुढचं उरलेल्या जागेत. ग्रिडमध्ये रांगा आणि रकाने असतात. कोणतं बटण कुठल्या रांगेत, कुठल्या रकान्यात एवढंच सांगायचं, रुंदी-उंची तो आतल्या मजकुरावरून काढतो. एका चौकटीत पॅक आणि ग्रिड मिसळायचे नाहीत, टीके लगेच चूक दाखवतं. पण एका विंडोत दोन चौकटी करून एकीत पॅक आणि दुसरीत ग्रिड वापरला तर हरकत नाही, आणि मोठ्या स्क्रीनला तसंच करावं लागतं.

कोड लिहायच्या आधी जुलैभर मी संध्याकाळी काउंटरशेजारी बसत होते. हे मला सगळ्यात उपयोगी पडलं आणि याला पैसे लागत नाहीत. वही घेऊन कोणतं बटण दाबलं की खूण, एवढंच. 'पुस्तक द्या' आणि 'परत घ्या' यांच्यापुढे खुणांची रांग, 'मुदतवाढ' त्याखालोखाल, 'वर्गणी भरा' महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, बाकीची अधूनमधून. जुन्या स्क्रीनवर सगळी बटणं खाली एका ओळीत आणि एकाच आकाराची होती. 'परत घ्या' ला चिकटून 'नोंद रद्द करा'. मॅडमच्या डाव्या हातात पुस्तक असतं आणि उजव्या हातात माउस. नजर आधी पुस्तकावरच्या दाखल क्रमांकावर, मग स्क्रीनवर वरच्या चौकटीत, आणि तिथून बटणासाठी थेट खालपर्यंत. रविवारी काउंटर सांभाळणारे शिपाई काका टंकलेखन शिकलेले आहेत. ते माउसला हात लावायला नाखूश असतात. टॅब दाबत दाबत बटणापर्यंत जातात.

मग ग्रंथालयात पडून असलेली कोरी तालिका-पत्रं, म्हणजे पुस्तकांच्या सूचीची कार्डं, मागून घेतली. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरची ती जाड पत्रं कापून एकेका तुकड्यावर बटणाचं नाव लिहिलं आणि टेबलावर मांडून मॅडमना म्हटलं, "तुम्हाला हवी तशी लावा." त्यांनी पहिल्याप्रथम 'पुस्तक द्या' आणि 'परत घ्या' ही दोन बटणं उचलून दाखल क्रमांकाच्या चौकटीखाली ठेवली. 'नोंद रद्द करा' उचललं आणि टेबलाच्या पार कोपऱ्यात नेऊन ठेवलं. काका म्हणाले, "क्रम मात्र आत्ताचाच ठेवा, बोटांना माहीत आहे." संगणकावर हेच दाखवलं असतं तर दोघांनीही "ठीक आहे, छान आहे" म्हटलं असतं. कागदावर लोक न संकोचता हलवाहलव करतात.

मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम याच गोष्टीचा आहे : लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितका हात तिथे लवकर पोचतो. मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनात साध्या बटणाचं माप १०० टक्के स्केलला ७५ बाय २३ पिक्सेल दिलेलं आहे आणि संबंधित बटणांमध्ये ७ पिक्सेलची फट. इंग्रजी 'ओके' साठी ते पुरतं. आमच्या 'विद्यार्थी सभासद नोंदणी' साठी नाही.

आता मराठीबद्दल, कारण माझा सर्वाधिक वेळ इथे गेला.

बटणाची रुंदी टीकिंटरमध्ये आकड्याने देता येते, पण मजकुराच्या बटणासाठी तो आकडा पिक्सेलचा नसतो. त्या फॉन्टमधल्या शून्याच्या रुंदीला एकक धरून तो मोजला जातो. साहजिकच मनात येतं की मजकुराची लांबी पायथनच्या लेन या सोयीने काढावी आणि तीच रुंदी द्यावी. 'विद्यार्थी' ची लांबी पायथन १० सांगतं, कारण तो वेलांटी, हलन्त, काना, सगळं वेगळं मोजतो. डोळ्याला दिसतात तीन अक्षरं. उलट 'मदत' ची लांबी ३ आणि दिसतातही तीनच. म्हणजे लेनवर रुंदी ठरवली तर एक बटण पसरट आणि दुसऱ्याचा मजकूर कडेला घासलेला. यावर खात्रीचा उपाय फॉन्टलाच विचारणं. टीकिंटरच्या फॉन्ट या भागात मेझर नावाची सोय आहे. तिला मजकूर दिला की तो किती पिक्सेल रुंद होईल ते सांगते. मी सगळ्या बटणांची नावं एका यादीत ठेवली, प्रत्येकाचं मेझर काढलं आणि सर्वांत मोठं कोणतं ते पाहिलं. बहुतेक ठिकाणी मग रुंदी द्यावीच लागली नाही. रुंदी दिलीच नाही तर बटण मजकुराएवढं होतं. टीटीके हा टीकिंटरमधलाच नव्या रूपाच्या बटणांचा संच. त्याच्या बटणाला ऋण आकडा दिला, उदाहरणार्थ उणे ८, तर तो किमान रुंदी म्हणून धरला जातो. लहान नावाचं बटण फार चिमुकलं होत नाही आणि मोठ्या नावाचं कापलं जात नाही.

सगळी बटणं एका रुंदीची हवी असतील तर ग्रिडमध्ये रकान्यांना वेट (उरलेल्या जागेतला वाटा) आणि युनिफॉर्म (एका मापाचा गट) द्यायचं. एकाच युनिफॉर्म गटातले, सारख्या वेटचे रकाने नेहमी सारखे राहतात, आणि त्यांची रुंदी सर्वांत लांब मजकुरावरून ठरते. पण रकाना रुंद झाला म्हणून बटण रुंद होत नाही, ते मध्यभागी आपल्या मापाचं बसून राहतं. त्याला स्टिकी लागतं. स्टिकीला दिशांची इंग्रजी आद्याक्षरं द्यायची : पूर्व-पश्चिम दिलं की बटण आडवं ताणलं जातं, चारही दिशा दिल्या की रकाना पूर्ण भरतं. रकान्याला वेट आणि बटणाला स्टिकी, दोन्ही एकदम लागतात. विंडो मोठी केल्यावर बटणं जागची हलत नसतील तर आधी हे तपासा.

उंचीचं प्रकरण वेगळं. मराठीत अक्षराच्या वर रफार, वेलांटी, अनुस्वार असतात आणि खाली उकार. 'पुस्तकं', 'दुर्मिळ', 'पूर्वीची नोंद' अशा मजकुराला वरखाली दोन्हीकडे जागा हवी. जुन्या प्रोग्राममध्ये फॉन्ट इंग्रजीचा दिला होता आणि देवनागरी अक्षरं विंडोज आपणहून दुसऱ्या फॉन्टमधून आणत होतं. उंची मात्र पहिल्या फॉन्टवरून मोजली जायची. म्हणून फॉन्टचं नाव स्पष्ट द्या. विंडोज ८ पासून निर्मला यूआय मिळतो, विंडोज ७ वर तो नाही; तिथे मंगल आहे, आणि मंगलची ओळ बरीच उंच असते. फॅमिलीज या सोयीने संगणकावरचे फॉन्ट विचारून निर्मला असेल तर तो, नाहीतर मंगल, असं मी लिहिलं. टीटीकेच्या बटणाला उंचीचा पर्यायच नाही. उंची वाढवायची तर स्टाइलमधलं पॅडिंग (मजकुराभोवतीची फट) किंवा ग्रिडमधलं आयपॅड-वाय (वरखालची आतली फट). जुन्या साध्या बटणाला उंची देता येते, पण ती मजकुराच्या ओळींमध्ये मोजली जाते.

ही फट पिक्सेलमध्ये लिहिली तर पुन्हा तोच प्रश्न येतो, दीडपट स्केलवर ती चिंचोळी दिसते. टीकेमध्ये मापापुढे अक्षर जोडून पॉइंट किंवा मिलिमीटर लिहिता येतात. मी सगळ्या फटी पॉइंटमध्ये दिल्या, ६ आणि ३. स्केल बदललं की अक्षरांबरोबर फटीही वाढतात. ही छोटी सोय मला फार उशिरा सापडली, सप्टेंबरमध्ये. सुरुवातीलाच कुणी सांगितली असती तर बरीच घालमेल वाचली असती.

घरच्या लॅपटॉपवर माझ्याकडे उबुंटू आहे. तिथे टीकिंटरच्या बटणांवर मराठी मोडकी दिसते : पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला, जोडाक्षरं हलन्तासकट सुटी. लिनक्सवरचं टीके ८.६ अक्षरं जोडून दाखवत नाही, विंडोजवर ते काम विंडोज स्वतः करतं. त्यामुळे घरी मापंही खोटी यायची. शेवटी मी घरी फक्त आतला हिशेब तपासायचे आणि मांडणी ग्रंथालय बंद झाल्यावर तिथल्याच लॅपटॉपवर करायचे. लिनक्सवरच मराठी हवं असेल तर क्यूटी या खिडक्या-बटणांच्या दुसऱ्या संचाचा विचार करा, त्यात देवनागरी नीट जुळते. आम्हाला ते घेता आलं नाही, कारण क्यूटी ६ ला विंडोज १० लागतं आणि आमचा राखीव संगणक विंडोज ७ चा.

ऑगस्टमध्ये कार्यकारी मंडळाची सभा झाली. बारकोड स्कॅनर घ्यायचा तर ठराव आणि तीन दरपत्रकं हवीत, असं ठरलं. दोन दरपत्रकं आठवड्यात मिळाली. तिसरं गणेशोत्सवात अडकलं. ७ ते १७ सप्टेंबर दुकानं उघडी असूनही कुणाला कागद करून द्यायला फुरसत नव्हती. स्कॅनर १,६५० रुपयांना आला. बिल ग्रंथालयाच्या नावाने आणि जीएसटीसह घ्या, लेखापरीक्षणाच्या वेळी तेच मागतात. स्कॅनर आणि भेट मिळालेला लॅपटॉप, दोन्हींची नोंद जडवस्तू नोंदवहीत केली. लॅपटॉपसाठी देणगीदारांना आभाराचं पत्र आणि त्याची प्रत फायलीत. १०० टक्के स्केलवर रोज तपासता यावं म्हणून एक जुना मॉनिटर मी माझ्या खर्चाने २,५०० रुपयांना घेतला. तो नसता तरी चाललं असतं, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल बदलून पाहता येतं. फक्त टीके ते सुरू होतानाच वाचतं, म्हणून स्केल बदलल्यावर प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडायचा.

या वाट पाहण्याच्या काळात स्क्रीनची मोठी चौकट बसवली. वर दाखल क्रमांक आणि सभासद क्रमांक, त्याखाली दोन मोठी बटणं, मध्ये सभासदाकडच्या पुस्तकांचा तक्ता, उजवीकडे बाकीच्या बटणांचा उभा रकाना. 'नोंद रद्द करा' त्या रकान्यात अगदी तळाशी. मधल्या रिकाम्या रांगेला वेट दिलं की ती उरलेली सगळी जागा खाते आणि तळाचं बटण लांब जातं. विंडो लहान केली की तळाची पावतीची पट्टी गायब व्हायची. पॅकमध्ये जो सगळ्यांत शेवटी येतो त्याचीच जागा पहिल्यांदा जाते. पट्टी खालच्या कडेला आधी पॅक केली, तक्ता नंतर, आणि पट्टी टिकली. शिवाय सगळं मांडून झाल्यावर अपडेट-आयडलटास्क्स करून (म्हणजे टीकेला मांडणीची मापं लगेच काढायला लावून) विंडोला लागणारी रुंदी-उंची विचारायची आणि तीच मिनसाइझ म्हणून द्यायची. त्याहून लहान विंडो होतच नाही.

तक्त्यातल्या ओळींची उंचीही अडली. टीटीकेच्या ट्रीव्ह्यूमध्ये ती पिक्सेलमध्ये ठरलेली असते, त्यामुळे मोठ्या स्केलवर पुस्तकांची नावं एकमेकांवर चढतात. फॉन्टला लाइनस्पेस, म्हणजे एका ओळीची उंची, विचारून त्यात थोडी भर घातली की झालं.

काही बटणं काही वेळा निरुपयोगी असतात. पुस्तक नावावरच नसेल तर 'मुदतवाढ' चा अर्थ नाही. ती लपवायची की फिकी करायची, यावर मी विचार केला आणि फिकी केली. लपवलं की शेजारचं बटण सरकतं, आणि काकांच्या म्हणण्याप्रमाणे बोटांना जागा माहीत असते.

काकांसाठी टॅबचा क्रम महत्त्वाचा होता. टीकेमध्ये टॅब बटणांच्या जागेप्रमाणे फिरत नाही, ती ज्या क्रमाने तयार केली त्या क्रमाने फिरतो. म्हणून कोडमध्ये बटणं त्यांच्या सवयीच्या क्रमाने तयार केली आणि ग्रिडमध्ये हवी तिथे बसवली. ऑल्टबरोबर अक्षर दाबायची सोय मराठी कीबोर्ड चालू असताना भरवशाची वाटली नाही, म्हणून एफ-२ ला द्या, एफ-३ ला परत, एफ-४ ला मुदतवाढ असं बांधलं आणि बटणावर नावापुढे तेही लिहिलं. स्कॅनर हा संगणकाच्या दृष्टीने कीबोर्डच असतो आणि आकडे टाकून शेवटी एंटर दाबतो. एंटर सगळ्या विंडोला बांधला असता तर सभासद क्रमांक रिकामा असतानाही पुस्तक देण्याची क्रिया सुरू झाली असती. तो फक्त दाखल क्रमांकाच्या चौकटीला बांधला.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी नव्या स्क्रीनवर काउंटर सुरू केलं. जुना संगणक शेजारी तयार होता आणि देवघेवीची हाताची नोंदवही चालूच होती. ती अजूनही चालू आहे. आमचं ग्रंथालय १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यताप्राप्त आहे, तपासणीला नोंदवह्या समोर ठेवाव्या लागतात. पहिल्या दिवशी माझे हात गार पडले होते. मॅडम दुपारपर्यंत जुन्या सवयीने माउस खाली नेत होत्या, संध्याकाळी नेईनाशा झाल्या.

खरी कसोटी दिवाळीनंतर लागली. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला झालं आणि त्या आठवड्यापासून दिवाळी अंक योजनेचे सभासद येऊ लागले. ते अंक नेतात, चार दिवसांत परत आणतात, लगेच दुसरा नेतात. त्यांची मुदत निराळी, शुल्क निराळं. दोन दिवस 'पुस्तक द्या' मधूनच सगळं चाललं होतं आणि दर वेळी मुदत हाताने बदलावी लागत होती. मॅडम म्हणाल्या, "अहो, अंकासाठी निराळं बटण नाही का होणार?" रात्री यादीत 'दिवाळी अंक द्या' हे नाव घातलं, रकाना एक वाढवला. मोठी बटणं दोनाची तीन झाली, तिघांची रुंदी आपोआप सारखी झाली, एकही आकडा हलवावा लागला नाही. जुन्या मांडणीत त्यासाठी अर्धी स्क्रीन सरकवावी लागली असती. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की हे काम जमलंय.

राखीव संगणकासाठी एक्झी, म्हणजे पायथन न बसवताही चालणारा प्रोग्राम, करायला पायइन्स्टॉलर वापरला. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथन ३.८ आहे, आणि त्या संगणकाचं विंडोज ३२ बिटचं, तेव्हा पायथनही ३२ बिटचंच हवं. एकच फाइल बनवण्यापेक्षा फोल्डर बनवलेला बरा, तो लवकर उघडतो. स्वाक्षरी नसलेला प्रोग्राम डाउनलोड करून उघडला की विंडोज १० आणि ११ निळी सूचना दाखवतात; आम्ही तो पेनड्राइव्हने नेला आणि तो कुठून आला हे मॅडमना दाखवून ठेवलं, म्हणजे माझ्यामागे कुणी घाबरणार नाही.

जानेवारीत किरकोळ बदल झाले. 'विद्यार्थी सभासद नोंदणी' चं बटण रकान्याला उगाच रुंद करत होतं. टीटीकेच्या बटणाला आपोआप ओळ मोडायचा थेट पर्याय नाही, म्हणून मजकुरातच ओळ तोडून ते दोन ओळींचं केलं. फेब्रुवारीच्या सभेत काम पूर्ण झाल्याची नोंद इतिवृत्तात आली. कोडची एक प्रत, बटणांच्या नावांची यादी कुठे आहे आणि ती कशी बदलायची याचं मराठी टिपण, दोन्ही पेनड्राइव्हवर घालून कपाटात ठेवली आणि किल्ली कार्यवाह सरांकडे दिली.

कुणी असंच काम हाती घेणार असेल तर आधी एक रिकामी विंडो करा, तीत तुमच्या प्रोग्राममधलं सगळ्यांत लांब नाव आणि सगळ्यांत जास्त मात्रा-उकारांचं नाव अशी दोन बटणं ठेवा, आणि १००, १२५, १५० टक्के स्केलवर उघडून पाहा. ती दोन नीट दिसली की बाकीची बसतात. आमच्याकडे सभासद नोंदणीची स्क्रीन अजून जुन्याच मांडणीची आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत बालविभागाचे नवे सभासद यायच्या आधी तीही ग्रिडमध्ये आणायची आहे.